जवळा सुकवलेली फरशी

मी तापट आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणावर ओरडले तर नवल वाटायला नको. बोईसरच्या कारखान्यांतून अकरा वर्षं इपॉक्सीच्या फरश्या करतेय, त्यात आवाज चढला तो चढलाच. बाजूला ग्राइंडर चालू असताना गोड बोललेलं कुणाला ऐकू येतं?

पहिली सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली सुपरवायझर होते, पुढची पाच माझं स्वतःचं काम, स्वतःची सात माणसं. कोळ्याची पोर, आणि मासळी सोडून फरश्या करते, म्हणून गावात माझी टिंगल व्हायची. पालघरच्या किनाऱ्यावर, मुरब्याच्या अलीकडे आमचं गाव. कुणाच्या लग्नाला गेले की हमखास कुणीतरी विचारायचं, "काय गो, अजून लोकांच्या लाद्याच पुसतेस काय?" मी म्हणायचे, "व्हय, आणि तुझ्या घराची पुसायची असली तर सहा महिने थांबावं लागंल."

आमच्या गावच्या बायकांची एक संस्था आहे. साठेक बाया, सगळ्या सुकी मासळी करणाऱ्या. त्यांनी बरीच वर्षं खटपट करून एक इमारत उभी केली: खाली मोठा हॉल, तिथे सुकी मासळी निवडायची, पाकिटं भरायची, पुढच्या बाजूला दुकान. संस्थेची अध्यक्ष माझी आई. इमारत उभी राहिली, छप्पर झालं, रंग झाला, राहिली ती फक्त फरशी. काँक्रीट घातलेलं होतं, त्यावर शेवटचा हात मारायचा होता. काम कुणाला द्यायचं म्हणून बैठक बसली, तर आई उठून सरळ म्हणाली, "माझी पोर करंल. बोईसरात तिच्यासारखं काम कोन करत नाय."

लगेच खालच्या आळीची काकी उठली. ही नात्याने आमची लांबची काकी, संस्थेची उपाध्यक्ष, आणि आईच्या प्रत्येक वाक्यावर तिचं एक वाक्य ठरलेलं. "घरातच काम देतेस? आणि बिघडलं तर?"

"बिघडलं तर खुर्ची सोडते," आई म्हणाली.

साठ बायांसमोर बोललेला शब्द. मला संध्याकाळी फोनवर कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. आईने ती संस्था शून्यातून उभी केलेली. टोपली डोक्यावर घेऊन पालघरच्या बाजारात बसणारी बाई, आता तिला तालुक्याच्या कचेरीत खुर्ची देतात. आणि ती हे सगळं माझ्या एका फरशीवर लावून मोकळी झाली होती. मी म्हटलं, "आये, मना विचारायचं तरी!" तर म्हणे, "तुना काय विचारायचं? तुना येतंय ना काम?"

बायांना हवी होती हिरवी फरशी. हिरवी, चकचकीत, पाण्यासारखी. गावातल्या पाच-सहा पोरी तारापूरच्या औषधांच्या कारखान्यांत पॅकिंगला जातात, त्यांनी घरी येऊन सांगितलेलं की तिथली जमीन अशी आहे की टिकली पडली तरी दिसते. झालं, सगळ्यांच्या डोक्यात हिरवं बसलं. लोक फरशी रंगावर निवडतात, साडी निवडल्यासारखी. खरं तर फरशीवर काय सांडणार आणि तिच्या पोटात काय आहे, हे दोन प्रश्न विचारले की अर्धी निवड होते. ॲसिड सांडणार असेल, औषधाची पूड उडणार असेल, तर इपॉक्सीच. काँक्रीटवर ती जाड कातडी चढते, कुठे सांधा नाही, फट नाही. पण ती काँक्रीटला घट्ट धरून बसली तरच. दुसरा रस्ता पॉलिशचा: वर काही चढवायचंच नाही, आहे तेच काँक्रीट हिऱ्याच्या दगडांनी घासत घासत जायचं, मधे काँक्रीट कडक करणारं हार्डनर पाजायचं, आणि शेवटी ते आरशासारखं होईपर्यंत घोटायचं. तिथे सुटून यायला काही नसतंच. रंग मात्र सिमेंटचाच.

पण हा विचार मी तेव्हा केला नाही. साठ बाया हिरवं म्हणतात, माझा हात इपॉक्सीवर बसलेला, मीही हिरवं म्हणून मोकळी झाले. परक्याच्या कारखान्यात गेले की पहिल्या दिवशी मी जमिनीवर पाण्याचे थेंब टाकून बघते. काँक्रीटने पाणी प्यायलं तर ते आपला प्रायमरही, म्हणजे इपॉक्सीखालचा पकड धरणारा पहिला हातही, पिणार. इथे मी तेही केलं नाही. आईचं काम, आपलं गाव, कशाला तपासायचं? असा माज नडतो.

हॉलच्या मधोमध हातभर लांब, हातभर रुंद नमुना करून ठेवला. प्रायमर, त्यावर हिरव्याचे दोन हात. तिसऱ्या दिवशी सगळ्या बाया बघायला जमल्या. रंग झकास आला होता. एकदोघींनी तर वाकून भांग सारखा केला. मी फुशारकीने पत्र्याची पट्टी घेतली, म्हटलं बघा किती पक्कं आहे, आणि कडेला पट्टी घातली.

अख्खं वर आलं! पापड उचलावा तसं एका तुकड्यात माझ्या हातात आलं. खालची बाजू कोरडी, गुळगुळीत. प्रायमर आत गेलाच नव्हता.

मग काकी म्हणाली, "व्वा. चटईच केलीस की."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आईच्या तोंडाकडे बघवेना. काकीने तिथल्या तिथे जाहीर केलं की महिन्याच्या शेवटी बैठक आहे, ती याच हॉलमध्ये घ्यायची, आणि तोवर फरशी झाली नाही तर दिलेला शब्द पाळायचा. आई म्हणाली, "पाळीन." एवढंच. बाया गेल्या आणि मी माझ्या माणसांवर उगीचच्या उगीच डाफरले. त्यांचा काय दोष होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्कल आल्यासारखी पाण्याची बाटली आणि खडू घेऊन बसले. माझ्याबरोबर माझा मशीनवाला. मासवणकडच्या पाड्यावरचा हा गडी, पावसाळ्यात स्वतःचा भात लावायला जातो, पाऊस सरला की माझ्याकडे. मशीनच्या आवाजावरून काँक्रीट कच्चं की पक्कं ते सांगतो, पण बोलेल तर शपथ. आम्ही दोघं गुडघ्यांवर रांगत थेंब टाकत सुटलो. काही ठिकाणी थेंब पडताक्षणी गायब. काही ठिकाणी तो तसाच, अळूच्या पानावर बसल्यासारखा. जिथे बसला तिथे खडूने फुली.

दुपारपर्यंत अर्धा हॉल फुल्यांनी भरला. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि बघतच राहिले. फुल्या वाटेल तशा नव्हत्या. लांबच लांब पट्टे होते, आणि दोन पट्ट्यांच्या मधे एक माणूस चालेल एवढी वाट. वाटेवर थेंब जिरत होता, पट्ट्यावर बसत होता.

मशीनवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "बाय, इथं मासली घातलेली हाय."

अरे देवा! हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. लहानपणापासून मी तसल्याच वाटांवरून फिरलेय. खळ्यावर जवळा पसरतात तो असाच पट्ट्यांनी, आणि मधली वाट सोडतात ती उलथायला जायला.

तशीच तरातरा घरी गेले. आई ओट्यावर बोंबील साफ करत होती. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं होतं, "आये, फरशीवर काही सांडलंय काय? तेल, डिझेल?" आणि तिने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, काय नाय. आता मी दारातूनच ओरडले, "आये, हॉलमध्ये मासळी सुकवली होतीत?"

"व्हय," आई म्हणाली. "मग?"

"मग? मी विचारलं होतं ना, काय सांडलंय काय?"

"सांडलं नाय गो. सुकत घातली होती." आणि वर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच खुळी.

झालं होतं असं. इमारतीचं काम मधे एक हंगामभर बंद पडलं. वर छप्पर नव्हतं, खाली नवंकोरं, सपाट, गुळगुळीत काँक्रीट, आणि त्या साली गावची खळी नुकतीच उकरलेली, रस्त्याच्या कामाची माती येऊन पडलेली. आईने किल्ली काढून दिली. सगळ्या गावाने चार महिने तिथे जवळा वाळवला, करंदी वाळवली, आणि मांदेली, तीही तेलाने नुसती तुळतुळीत. उन्हात तापून ते तेल काँक्रीटने आत ओढलं, मिठासकट. साठच्या साठ बायांना हे माहीत होतं. एकीलाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही, कारण आमच्याकडे मासळी म्हणजे घाण नव्हे, डाग नव्हे. सपाट जागा दिसली की तिच्यावर मासळी पसरायची, नाहीतर सपाट जागा असते कशाला?

मी आईवर खूप चिडले. मग ती बोंबलाची सुरी खाली ठेवून हळूच म्हणाली, "म्हंजे माझ्याच हातानं खुर्ची गेली म्हण की." तेव्हा माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी म्हटलं, "कशी जाते बघते मी."

मी त्याच दिवशी ठरवलं: इपॉक्सी नाही. तेलावर कातडी धरणार नाही, आज धरली तर उद्या ट्रॉलीच्या चाकाखाली सुटेल. पॉलिश करायचं. तेल आत असलं तरी पॉलिश सुटून येत नाही. भीती एकच होती, घोटल्यावर तेलाचे पट्टे काळे दिसले तर अख्खा हॉल वाघासारखा दिसणार, आणि काकी जन्मभर ते पट्टे मोजून दाखवणार.

संध्याकाळी बायांना बोलावून सांगितलं. गलका झाला.

"म्हंजे सिमेंटचं सिमेंटच ठेवणार?"

"हिरवी सांगितली होती आमी!"

"हिरवी हवी तर झाडाखाली बसा," मी ओरडले. "या फरशीने तुमचा जवळा खाल्लाय चार महिने. तिच्या पोटात तेल आहे. वर रंग लावला तर ओकून टाकेल, काल बघितलंत. आता घासायची. आणि मी एकटी घासणार नाही. ज्यांनी ज्यांनी मासळी घातली त्यांनी यायचं."

काकी म्हणाली, "किल्ली कोणी दिली?"

मी काही बोलायच्या आत आई उठली. "मीच दिली. तुझी मांदेली पन त्यातच होती, दरवाज्याजवळचा पट्टा तुझा." काकी गप्प बसली. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साताठ जणी येतील असं धरून गेले, तर दारात पन्नासावर बाया! काष्टे मारलेले, हातात काथ्याचे ब्रश, नारळाच्या शेंड्या, एकीकडे तर होडीचा तळ घासायचा खरारा. मोठमोठ्या टोपांतून धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी ओतायचं आणि घासायचं. मग चुना आणि सोड्याचा लगदा पट्ट्यांवर थापायचा, तो दुसऱ्या सकाळपर्यंत तेल ओढून घेतो, मग खरवडायचा. पहिला लगदा निघाला तो हळदीसारखा पिवळा. दुसरा फिकट पिवळा. तिसरा पांढऱ्याला लागून. घासताना बाया आपापला पट्टा ओळखत होत्या. "हा माझा, इथं करंदी होती." "तुझा किती काळवंडलाय बघ, मेले, मीठ जास्त घालतेस तू." मी कमरेवर हात ठेवून मागून फिरत होते आणि कोपरा राहिला की ओरडत होते. माझ्या सगळ्या आत्या-मावश्या माझ्या शिव्या खाऊन खिदळत होत्या. खरं सांगते, इतकं सुख मला कुठल्याच कारखान्यात मिळालं नव्हतं.

मग मशीन लावलं. जाड दगडांचा पहिला फेरा सुरू झाला, काँक्रीट तापलं, आणि हॉलभर वास सुटला. सुकटीचा! खमंग, तव्यावर परतावी तसा. गावातली झाडून सगळी मांजरं दारात येऊन बसली. माझ्याकडचा एक गोरखपूरचा कारागीर मास्क काढून म्हणाला, "मैडम, हम फर्श घिस रहे हैं कि झींगा भून रहे हैं?" मशीनवाला सुद्धा हसला, तेव्हा मला कळलं की त्याला पुढचे दोन दात नाहीत.

सिमेंटचा वरचा पापुद्रा गेला आणि खालून खडी दिसायला लागली, काळी, निळसर, मधेच एखादा करडा खडा. सुरेख. पण चौथ्या फेऱ्याला मधल्या भागात दोन पट्टे पुन्हा दिसायला लागले. ओल्यात वाटलं, सुकल्यावर जातील. सुकल्यावरही गेले नाहीत. बैठकीला सहा दिवस उरलेले. तसंच पुढे रेटलं असतं तर काम वेळेत संपलं असतं, पट्ट्यांसकट. मी मशीनवाल्याकडे पाहिलं. तो पट्ट्यावर उकिडवा बसला, नखाने खरवडलं, वास घेतला आणि म्हणाला, "परत पयल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे पुन्हा जाड दगड, पुन्हा सगळे फेरे. नुसते दोन पट्टे खोल घासता येत नाहीत, खड्डा दिसतो. अख्खा हॉल खाली घ्यावा लागतो. मी "लाव" म्हटलं. पुढचे दिवस आम्ही पहाटे सुरू करून दिवेलागणीपर्यंत घासत होतो. जाड दगड, मध्यम, मग हार्डनर पाजलं. काँक्रीटने ते घटाघट प्यायलं, सगळीकडे सारखं, पट्ट्यांवरसुद्धा! मी तिथेच मशीनवाल्याच्या पाठीत धपाटा घातला. मग बारीक, आणखी बारीक, शेवटी पॉलिशचे पॅड, आणि वर डागरोधक हात. बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचं मशीन बंद केलं. समोरच्या खिडकीतलं ऊन फरशीत उतरलं होतं, खिडकीच्या गजांसकट. काळी खडी, राखी सिमेंट, आणि कुठेही, कुठ्ठेही पट्टा नाही. मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही.

बैठकीला बाया ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. दारात चपला काढल्या आणि आत येऊन उभ्याच राहिल्या, पाय टाकायला बिचकत. कुणी हिरव्याचा शब्द काढला नाही. काकी मात्र हातात झाकलेली वाटी घेऊन आली होती. ती हॉलच्या मधोमध गेली, झाकण काढलं आणि वाटीभर कालवण फरशीवर ओतलं. बोईट माशाचं, हळद-तेलाने लालपिवळं. आई पुढे झाली, मी तिचा दंड धरला. म्हटलं, "राहू दे. बैठक चालू करा. शेवटी पुसू."

वरवर मी शांत होते. पण माझी नजर त्या कालवणावरून हलत नव्हती, कारण हळद ही हळद आहे. बाया अजून उभ्याच होत्या, तशाच बैठकीत पावसाळ्याआधीचा माल, पाकिटांचा आकार, कुणी कधी निवडायला यायचं, सगळं बोलून झालं, आणि कालवण तिथेच. मग मी ओलं फडकं काकीच्याच हातात दिलं. तिने पुसलं. वाकून बघितलं. गुडघ्यांवर हात टेकून बघितलं. बोटाने घासून बोट नाकाला लावलं.

"काय दिसतं?" आईने विचारलं.

"माझं तोंड," काकी म्हणाली.

हशा पिकला. पण शब्द दिलेला होता, तेव्हा मत घ्यावंच लागलं. आमच्या संस्थेत हात वर करून मोजत नाहीत, कारण बाया उत्साहाने दोन्ही हात वर करतात आणि साठाच्या शंभर होतात. ज्यांचा होकार त्यांनी खाली बसायचं, नकार त्यांनी उभं राहायचं. आई खुर्ची सोडून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. एकीने विचारलं, "अध्यक्ष हीच ऱ्हावी?"

एरवी कोऱ्या साडीत बाया सतरंजी अंथरल्याशिवाय बूड टेकत नाहीत. त्या दिवशी एकीनेही सतरंजी मागितली नाही. पुढच्या रांगेतली बसली, मग तिच्या मागची, मग बांगड्या वाजवत अख्खा हॉल खाली बसला, त्या राखी फरशीवर, पदर पसरून. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. आईची खुर्ची तर राहिलीच, पण माझ्या गावाने माझ्या कामावर बसून दाखवलं होतं.

उभी फक्त काकी. तिने एकदा त्या पुसलेल्या जागेकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"उभी कशाला ऱ्हायलीस?" आई म्हणाली. "नाय म्हणायचं तर नाय म्हण."

"नाय कोन म्हणतंय?" काकी फणकारली. "गुडघे वाकत नाय माझे. हात दे की."

आई भिंतीपासून चालत आली आणि तिने काकीला दोन्ही हात दिले.